दुसरं कुत्रं दिसलं की उसळणाऱ्या कुत्र्याला शांत राहायला कसं शिकवायचं

घरात सगळ्यांच्या पायांत घुटमळणारं, व्हेटच्या टेबलावरही गुमान बसणारं कुत्रं रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसताच एकदम बदलतं. अंग ताठ होतं, पाठीवरचे केस उभे राहतात, पट्टा ताणून ते पुढे झेपावतं आणि भुंकत सुटतं. तुम्ही नाव घेऊन कितीही हाका मारा, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. अशा कुत्र्याला ट्रेनर लोक ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतात. शेजारीपाजारी त्याला चावरं म्हणतात, डोक्यावर बसवून ठेवलेलं म्हणतात. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत दोन्ही खोटं असतं. त्या क्षणी ते कुत्रं स्वतःच अडचणीत असतं आणि त्यातून सुटायला त्याला जे सुचतं ते करत असतं.

हा लेख अशा घरांसाठी आहे जिथे हे नुकतंच सुरू झालंय, किंवा बरेच दिवस चाललंय पण कुठून हात घालायचा ते कळत नाही. हळू चालणारं काम आहे, पण घरच्या घरी, साध्या गोष्टींनी सुरू करता येतं.

कारण आधी शोधा

सगळ्यात मोठं कारण भीती. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून ते आवाज मोठा करतं. समोरचं कुत्रं निघून जातं. ते तसंही जाणारच होतं, पण आपल्या कुत्र्याला वाटतं की भुंकल्यामुळे गेलं. पुढच्या वेळी ते अजून लवकर, अजून जोरात भुंकतं. रोज दोन वेळा फिरायला जाणाऱ्या कुत्र्याचा हा सराव रोज होत असतो.

काही कुत्र्यांत कारण अगदी उलटं असतं. त्यांना दुसऱ्या कुत्र्याकडे जायचंच असतं, पट्टा जाऊ देत नाही आणि त्या तडफडीतून आरडाओरडा होतो. मोकळं असताना हेच कुत्रं छान खेळतं. लॅब्रडॉर, गोल्डन अशा लाघवी जातींत हे पुष्कळ दिसतं. भीती असो की तडफड, शिकवायची पद्धत जवळपास तीच आहे. फरक पडतो तो घाई कितपत परवडते यात, आणि भित्र्या कुत्र्याशी घाई अजिबात परवडत नाही.

पिल्लूपणीचाही भाग असतो. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जे जे बघतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचं नाही म्हणून आपण पिल्लाला घरातच ठेवतो आणि नेमका तोच काळ निघून जातो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी आलेल्या कित्येक पिल्लांचं हेच झालं. आधी कधी दुसऱ्या कुत्र्याने अंगावर येऊन चावलं असेल, तर ते एक कारणही पुरतं.

आणि दुखणं. हे कारण सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतं. कान चिघळलेला असेल, कंबर किंवा खुबा दुखत असेल, गोचिडांमुळे होणारा ताप अंगात असेल, तर जवळ येणारं प्रत्येक कुत्रं धोका वाटतं, कारण धक्का लागला तर दुखणार असतं. आजवर शांत असलेलं कुत्रं गेल्या महिन्या-दोन महिन्यांत असं वागायला लागलं असेल, तर ट्रेनर शोधण्याआधी व्हेटकडे जा. कान, दात, सांधे तपासून घ्या, गरज असेल तर रक्ताची तपासणीही करून घ्या. दुखऱ्या कुत्र्याला शिकवण्यात अर्थ नाही. आधी त्याचं दुखणं थांबवा.

काय आजपासून बंद करायचं

पट्ट्याला हिसका देणं, चोक चेन, काट्यांची कॉलर, शॉक देणारी कॉलर, पेपराची गुंडाळी, ओरडणं, हे सगळं बंद. दुसरं कुत्रं दिसलं आणि त्याच वेळी मान आवळली, तर कुत्रं शिकतं ते एवढंच की दुसरं कुत्रं दिसलं की दुखतं. त्याची भीती खरी ठरते. कधी कधी अशा शिक्षेने भुंकणं थांबतं आणि मालकाला वाटतं जमलं. आतली भीती मात्र तशीच राहते, फक्त इशारा देण्याची सोय काढून घेतली जाते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढे न गुरगुरता थेट चावू शकतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट भूमिका मांडली की कुत्र्यांना शिकवताना, वर्तनाच्या अडचणी सोडवतानाही, बक्षिसाच्याच पद्धती वापराव्यात. माझंही मत तेच आहे आणि ते पक्कं आहे.

दुसरा सल्ला जो तुम्हाला हमखास मिळेल: ‘सोडा हो दोघांना, आपापसात बघून घेतील.’ पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवण्याचाच हा प्रकार. काही मुलं पोहायला शिकली, बाकीची आयुष्यभर पाण्यापासून लांब राहिली. भित्र्या कुत्र्याला डॉग पार्कमध्ये नेणंही यातच मोडतं.

पहिले दोन आठवडे: काहीच शिकवू नका

नवख्या माणसाला हे पटायला जड जातं, पण सुरुवात विश्रांतीने करायची. प्रत्येक उसळीनंतर कुत्र्याच्या अंगात ताण साठतो आणि तो उतरायला वेळ लागतो. कधी काही तासांत उतरतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. सकाळी गेटपाशी एक भांडण झालं, दुपारी कुरियरवाल्याने बेल वाजवली, संध्याकाळी फटाका वाजला, की रात्री एरवी चालून गेलं असतं असं लांबचं कुत्रंही त्याला सहन होत नाही. हा साठलेला ताण आधी उतरू द्या.

म्हणून पंधरा दिवस असं बघा की दुसरी कुत्री शक्यतो दिसूच नयेत. फिरायची वेळ बदला. पहाटे साडेपाच आणि रात्री साडेदहानंतर रस्ते बरेच मोकळे असतात, मात्र रात्री भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या जास्त जाग्या असतात, म्हणून तुमच्या गल्लीचं वेळापत्रक तुम्हीच बघून ठरवा. एखाद्या दिवशी बाहेर जाणं अगदीच नको वाटलं, तर शी-शूपुरतं खाली नेऊन परत आणा. एक फेरी चुकल्याने कुत्र्याचं नुकसान होत नाही, उलट चांगली झोप मिळते.

बाल्कनी आणि खिडकीही यात मोजा. दिवसभर बाल्कनीतून खालच्या कुत्र्यांवर भुंकणारं कुत्रं दिवसभर सराव करत असतं. ग्रिलला खालच्या भागात चटई किंवा जाडसर कापड बांधा, काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी रंगाची फिल्म लावा.

घरात डोक्याला काम द्या. जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या रोजच्या खाण्याचे दाणे लपवून गुंडाळी करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात खाऊ टाका. नाकाने हुंगून शोधण्याने कुत्री खरोखर शांत होतात. पंधरा मिनिटांचं असं काम झाल्यावर बहुतेक कुत्री आपणहून जाऊन झोपतात.

सामान

छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या, ज्यात खांदे मोकळे हलतात आणि छातीवरही पट्टा अडकवायची कडी असते. पट्टा दोन ते तीन मीटरचा, साधा, हातात धरायला मऊ. बटण दाबून लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा या कामाला नको, कारण ऐन वेळी तो आवरता येत नाही आणि हात कापतो. कुत्रं ताकदवान असेल तर हार्नेस आणि कॉलर दोन्हींना जोडणारी एक छोटी दोरी ठेवा, म्हणजे एक निसटलं तरी दुसरं धरून ठेवतं. भित्री कुत्री मागे सरकून हार्नेसमधून बाहेर पडतात, म्हणून माप नीट बघा: पट्टी आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, जास्त नको.

कमरेला पाऊच. त्यात खाऊ, आणि खाऊ असा की जो एरवी घरात कधीच मिळत नाही. उकडलेलं चिकन, उकडलेली कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहेत, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही. तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करा, कारण एका फेरीत असे पन्नास तुकडे सहज लागतात. तेवढं रोजचं जेवण कमी करा. बिस्किटं आणि कोरडे दाणे घरात चालतात, रस्त्यावर दुसरं कुत्रं समोर असताना त्यांची किंमत शून्य होते.

अंग वाचायला शिका

भुंकणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी कुत्रं बरंच काही बोलून गेलेलं असतं. तोंड मिटतं. जीभ आत जाते. कान पुढे टवकारतात किंवा डोक्याला चिकटतात. वजन पुढच्या पायांवर येतं. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, एका जागी खिळून टक लावणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे हा समज मनातून काढून टाका. ताठ, उंच, झपझप हलणारी शेपूट ताणाची असते. सैल, कमरेसकट हलणारी आनंदाची.

हे शिकायला सोपा उपाय आहे. घरातल्या कुणाला तरी दोन-तीन फेऱ्यांचा व्हिडिओ काढायला सांगा आणि घरी बसून हळू गतीने बघा. भुंकण्याआधीचे ते चार-पाच सेकंद तुम्हाला स्पष्ट दिसतील. पुढचं सगळं काम त्या चार-पाच सेकंदांत करायचं आहे.

सुरक्षित अंतर

प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं, ज्याच्या पलीकडे दुसरं कुत्रं दिसलं तरी ते सहन करू शकतं. ते बघतं, कान हलवतं, पण खाऊ घेतं, तुमचा आवाज ऐकतं, पुन्हा जमीन हुंगतं. त्या अंतराच्या आत आलं की डोकं बंद होतं आणि काहीच शिकता येत नाही. कुणाचं अंतर दहा मीटर असतं, कुणाचं पन्नास, कुणाचं शंभर. कमी अंतर असलेलं कुत्रं जास्त शहाणं असा काही अर्थ नाही. आणि तेच अंतर रोज बदलतं: समोरचं कुत्रं मोठं आहे का, टक लावून बघतंय का, आपलं कुत्रं काल नीट झोपलंय का, यावर.

ओळखायचं खाऊवरून. हळुवार ओठांनी घेतलं तर अंतर बरोबर आहे. बोटं चावल्यासारखं हिसकावून घेतलं तर तुम्ही काठावर आहात, मागे या. तोंडासमोर चिकन धरूनही बघितलंच नाही, तर फार जवळ आलात.

माझ्या अनुभवात नवख्या लोकांचं निम्मं काम इथेच अडतं. त्यांना वाटतं, पंधरा मीटरवर उभं राहून जमवता आलं पाहिजे, पन्नास मीटरवर काय शिकणार? पण शिकणं पन्नास मीटरवरच होतं. जवळ जाणं हे त्याचं फळ आहे, ते घाईने तोडता येत नाही.

म्हणून जागा शोधायला वेळ द्या. शाळेच्या मैदानाचं कुंपण, ज्याच्या पलीकडे लोक कुत्री घेऊन फिरतात. रुंद रस्त्याची समोरची बाजू. मॉलची किंवा कार्यालयाची सकाळची रिकामी पार्किंग. गावाकडे असाल तर शेताचा बांध, जिथून लांबवरचं दिसतं. दोन गोष्टी हव्यात: लांबून कुत्री दिसतील आणि मागे हटायला वाट असेल. पुण्यात राहणाऱ्यांना टेकडी आठवेल, पण वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी सकाळी कुत्री मोकळी सोडलेली असतात आणि वळणावर अचानक समोर येतात. सुरुवातीला तिथे नको.

घरात तीन शब्द पक्के करा

बाहेर वापरायचं ते आधी घरात, मग जिन्यात, मग रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवा.

पहिला शब्द ‘येस’ किंवा ‘हां’, कोणताही छोटा, एकाच सुरात म्हणता येणारा. शब्द म्हणा, लगेच खाऊ द्या. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. दोन-तीन दिवसांत शब्द ऐकताच कुत्रं तुमच्याकडे वळेल.

दुसरा ‘चल वळ’. चालता चालता आनंदी आवाजात म्हणा, उलटे फिरा, दोन पावलांवर खाऊ द्या. पट्टा ओढायचा नाही, कुत्र्याने आपणहून वळायला हवं. हा शब्द रस्त्यावर तुमचा जीव वाचवणार आहे, म्हणून इतका पक्का करा की झोपेतून उठवून म्हटलं तरी कुत्रं वळेल. आमची राणी, रस्त्यावरून आणलेली देशी कुत्री, आजही हा शब्द ऐकला की शेपूट हलवत गर्रकन वळते, कारण त्या शब्दानंतर तिला कधीच वाईट अनुभव आलेला नाही. कुत्र्याला रागावून हा शब्द कधीच म्हणायचा नाही.

तिसरा ‘शोध’. मूठभर खाऊ गवतात किंवा जमिनीवर विखरायचा. डोकं खाली जातं, नाक कामाला लागतं, टक तुटते.

मुख्य काम

आता सुरक्षित अंतरावर उभे राहा. पट्टा सैल. लांबून एक कुत्रं येताना दिसतं. तुमचं कुत्रं ते बघतं. बघितल्याबरोबर ‘येस’ म्हणा आणि चिकन द्या. पुन्हा बघितलं, पुन्हा चिकन. समोरचं कुत्रं दिसेनासं झालं की चिकन बंद, पाऊच बंद.

एवढंच. पण क्रम जपा. आधी कुत्रं दिसायला हवं, मग खाऊ यायला हवा. शाळेत पाव्हलॉव्हचा धडा झालेला असतो, त्यातला मुद्दा हाच होता: आधी इशारा, मागून अन्न. क्रम उलटा झाला, म्हणजे कुत्रं दिसण्याआधीच तुम्ही घाईघाईने खाऊ तोंडात कोंबायला लागलात, तर कुत्र्याला कळतं की पाऊचमध्ये हात गेला म्हणजे काहीतरी भयंकर येतंय. मग चिकनही नकोसं होतं. समोरचं दिसूच नये म्हणून नाकासमोर खाऊ नाचवत नेणं हा अडचणीतून निसटायचा मार्ग आहे, वेळ आली तर जरूर वापरा. पण त्याने शिकवणं होत नाही.

दहा मिनिटं पुरेत. दोन-तीन कुत्री दिसली, सगळं छान झालं, की घरी चला. अजून एक बघू म्हणून थांबायचा मोह होतो आणि नेमकं तेच एक बिघडवतं.

काही दिवसांनी एक बदल दिसेल. दुसरं कुत्रं दिसलं की तुमचं कुत्रं आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघेल: ‘दिसलं, आता माझं चिकन?’ या क्षणाची वाट बघा. तो आला की काम एक पायरी वर न्या. आता बघितल्याबरोबर ‘येस’ म्हणू नका, एक-दोन सेकंद थांबा, त्याने मान वळवली की म्हणा. तीन-चार सेकंद थांबूनही वळलं नाही तर समजा अंतर कमी पडतंय. दहा पावलं मागे जा आणि पुन्हा पहिल्या पद्धतीने करा.

अंतर कमी करणं

सलग चार-पाच वेळा सैल अंगाने जमलं, की अंतर थोडं कमी करा. पन्नास मीटरवरून पंचेचाळीस. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर कमी केलंत तर समोरचं कुत्रं शांत आणि उभं असलेलं निवडा. धावणारं, भुंकणारं कुत्रं असेल तर अंतर पुन्हा वाढवा. बघायची वेळ वाढवायची असेल तर अंतर तेच ठेवा.

ओळखीत एखादं म्हातारं, शांत कुत्रं असेल तर त्याच्या मालकाला विनंती करा. दोघांनी एकाच दिशेला, मध्ये रुंद रस्ता ठेवून, समांतर चालायचं. समोरासमोर चालणं कुत्र्यांना आव्हान वाटतं, बरोबरीने चालणं सोपं जातं. जमलं तर दर फेरीला मधलं अंतर थोडं कमी करा. नाकाला नाक लावायची घाई नको, ती गरजही नाही. पुष्कळ कुत्र्यांना आयुष्यभर अनोळखी कुत्र्यांशी मैत्री करायची नसते, आणि ते ठीक आहे.

आपल्या गल्ल्या, आपली भटकी कुत्री

परदेशी व्हिडिओंमध्ये जे दाखवतात त्यात समोरचं कुत्रं पट्ट्यावर असतं आणि रस्ते रुंद असतात. आपल्याकडे गल्लीची कुत्री मोकळी असतात आणि आपल्या हद्दीपुरती फार दक्ष असतात. म्हणून आधी त्यांचा अभ्यास करा. तुमचं कुत्रं घरी ठेवून एकटे फिरा. कुठल्या टोळीची हद्द कुठे संपते, कोण दिवसा कुठे झोपतं, कुणाला कोण किती वाजता खायला घालतं, हे आठवडाभरात कळतं. खाणं घालणाऱ्या ताईंशी किंवा काकांशी ओळख करा; त्यांना प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव ठाऊक असतो. त्यांच्याबरोबर दोन-चार वेळा उभे राहा. गल्लीची कुत्री एकदा तुम्हाला ओळखायला लागली, की तुमच्या कुत्र्यावर धावून यायचं त्यांचं प्रमाण खूप कमी होतं. मला या कामात सर्वात जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला.

खाणं घालायची जागा अगदी गेटसमोर असेल तर सोसायटीच्या बैठकीत शांतपणे विषय काढा. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत खाणं घालण्याची जागा येण्याजाण्याच्या वाटा आणि मुलांच्या खेळायच्या जागांपासून दूर ठरवावी असं आहे, त्यामुळे भांडण न करता जागा हलवता येते. कानाला खाच असलेलं किंवा कानाचं टोक कापलेलं कुत्रं म्हणजे नसबंदी झालेलं. एखादी कुत्री माजावर असेल तर तिच्यामागे नरांचा घोळका फिरतो आणि तो भांडखोर असतो. त्या दिवसांत ती गल्ली टाळाच.

तरी एखादं कुत्रं चालून आलंच, तर पळू नका आणि दगड उचलू नका. आपलं कुत्रं मागे घ्या, तुम्ही मध्ये उभे राहा, हात पुढे करून ठाम आवाजात ‘थांब’ म्हणा. बहुतेक गल्लीची कुत्री थांबतात. न थांबल्यास मूठभर खाऊ त्याच्या दिशेने फेका आणि ते खात असताना वळसा घालून त्यांच्या हद्दीबाहेर पडा. हे अडचणीपुरतं ठेवा. रोज त्याच जागी फेकलंत तर कुत्री तिथे तुमची वाट बघत बसतील. बटणाची छत्री एकदम उघडणंही कामी येतं, पण तिची सवय आधी घरात आपल्या कुत्र्याला करून द्या, नाहीतर तेच बिथरेल.

लिफ्टचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे अंतर नावाची गोष्टच नसते. दार उघडताना कुत्र्याला दाराच्या अगदी समोर उभं करू नका. बाजूला, भिंतीकडे, तुमच्या मागे ठेवा. आत कुत्रं दिसलं तर ‘तुम्ही जा, आम्ही नंतर येतो’ म्हणा आणि वळा. जिन्याने जाता येत असेल तर वळणावर आधी तुम्ही डोकावून बघा. वॉचमनला सांगून ठेवलं तर गेटपाशी दुसरं कुत्रं आहे का हे तो हात करून सांगतो. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधली जागा हा उत्तम आडोसा आहे. तिथे शिरा, ‘शोध’ म्हणून खाऊ टाका, समोरचं जाऊ द्या.

उसळी आलीच तर

येणार. तेव्हा काही शिकवायचा प्रयत्न करू नका, फक्त लांब व्हा. पट्टा घट्ट धरा पण हिसका देऊ नका, ‘चल वळ’ म्हणा, जमेल तितक्या लवकर नजरेआड व्हा. उसळलेल्या कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. त्या भरात ते तुमचा हात किंवा पोटरीही धरू शकतं आणि त्यात तुमच्यावरचा राग नसतो. लांब गेल्यावर त्याला हुंगू द्या, अंग झटकू द्या. ते दिसलं की ताण उतरायला लागला. मग सरळ घरी, आणि पुढचे एक-दोन दिवस सोपे ठेवा.

खाऊ दिल्याने भुंकण्याचं बक्षीस मिळेल ही शंका सगळ्यांना येते. मनातून घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ देऊन भीती वाढत नाही. उसळीनंतर दूर नेऊन खाऊ दिलात तर काही बिघडत नाही.

कुत्रं आधी कुणाला चावलं असेल किंवा चावेल अशी तुम्हाला भीती वाटत असेल, तर मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर बांधायचं आवरण, घालायला शिकवा. जाळीदार, पिंजऱ्यासारखा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारा कापडी मझल आपल्या उन्हात धोकादायक आहे, कारण कुत्रं तोंड उघडूनच अंग थंड करतं. पहिले काही दिवस मझलला वाटी समजून त्यातून खाऊ द्या, बांधायचा नंतर. रेबीजची लस दरवर्षी न चुकता द्या. आणि कुणालाही, तुम्हालाही, दात लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कुत्रं घरचं असलं तरी.

हंगाम

मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा; तुम्हाला सोसवलं नाही तर कुत्र्यालाही नाही. पावसाळ्यात गल्लीची कुत्री पार्किंगमध्ये आणि जिन्याखाली येऊन झोपतात, त्यामुळे इमारतीच्या आतच सामना होतो. खाली उतरण्याआधी घरातल्या कुणीतरी बघून यावं. ढोल-ताशांच्या आणि दिवाळीच्या दिवसांत नवं काही शिकवायला घेऊ नका. फक्त घर, हुंगण्याचे खेळ आणि अंधार पडायच्या आत एक छोटी फेरी. दिवाळीनंतर काही आठवडे मागे गेल्यासारखं वाटतं, मग गाडी पुन्हा रुळावर येते.

मदत कधी घ्यायची

दोन-तीन महिने नीट करूनही अंतर हलत नसेल, कुत्रं घरातही सतत दचकत असेल, झोपत नसेल, किंवा चावलं असेल, तर एकट्याने ओढू नका. ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता?’ उत्तरात पट्टा ओढणं, दाबून धरणं, ‘बॉस कोण ते दाखवणं’ आलं तर नमस्कार करून निघा. ‘आमच्याकडे महिनाभर ठेवा, सुधारून देतो’ असं सांगणाऱ्याकडेही ठेवू नका. तुमच्या गल्लीत, तुमच्या हातात पट्टा असताना शिकवणारा हवा.

वर्तनाचा अभ्यास असलेले व्हेट काही कुत्र्यांना औषध सुचवतात. त्याला घाबरू नका आणि त्याची लाजही वाटून घेऊ नका. कायम भीतीत जगणाऱ्या कुत्र्याला औषधाने एवढी उसंत मिळते की शिकवलेलं डोक्यात शिरतं. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि ते मनाने सुरू किंवा बंद करायचं नसतं. घरातल्या माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नका. नसबंदीने हे बरं होतंच असं नाही. भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत व्हेटशी आधी नीट बोला.

एक वही ठेवा. त्यात तारीख, जागा, समोरचं कुत्रं किती लांब होतं, आणि उसळी आली असेल तर ताळ्यावर यायला किती वेळ लागला, एवढंच लिहा. किती वेळा भुंकलं ते मोजून काही कळत नाही. आधी दहा मिनिटं धापा टाकणारं कुत्रं आता एका मिनिटात गवत हुंगायला लागलं, तर भुंकणं तेवढंच असूनही काम पुढे गेलेलं असतं. ते रोजच्या रोज जाणवत नाही, वहीत दिसतं.

आणि रस्त्यात हौसेने ‘आमचं काही करत नाही’ म्हणत जवळ येणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा. ‘आमचं अजून शिकतंय, कृपा करून तिथेच थांबा.’ मोठ्याने, हसून म्हणा, आणि म्हणता म्हणताच वळायला लागा.